तेविसाव्या ओळीतलं घर

सर, परवा तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर मधेच उठून गेला असता, आणि जाताना खुर्ची मुद्दाम आवाज करत मागे सरकवली असती. टेबलावर तुमचा फोटो होता, ओळखपत्रावरचा, मोठा करून आणलेला. त्यात तुमचे केस नीट विंचरलेले आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, सर अत्यंत शिस्तप्रिय होते. ज्या माणसानं अठरा वर्षांत एकदाही पाठ-टाचणाची वही वेळेवर दिली नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. मागच्या रांगेत आपले ड्रॉइंगचे सर खोकले. मला हसू आलं, लगेच रडू आलं, आणि दोन्हींचा मला रागच आला.

मग संस्थेचे कार्यवाह उठले. तुमचा शनिवारचा वर्ग हा तुमचा छंद होता म्हणाले. कॉलेजात शिकवायचं संख्याशास्त्र नववी-दहावीच्या मुलांना शिकवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, अशा माणसाची जागा कोण घेणार, म्हणून तो वर्ग आता सन्मानपूर्वक थांबवू, त्या खोलीत सरांचा फोटो लावू आणि मुलींसाठी शिवणयंत्रं ठेवू. सगळ्यांनी माना हलवल्या. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. मीही उभी राहिले. दोन मिनिटं झाल्यावर सगळे बसले, मी बसले नाही.

"उद्या शनिवार, वर्ग आहे," मी म्हटलं. "नेहमीसारखा, बारा वाजता."

कार्यवाहांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिकवणार कोण, बाई?"

"मी."

सभेत कुजबुज झाली, आणि होणारच. कारण त्या वर्गाच्या विरोधात पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त कोण बोललं असेल, तर मीच. हे शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्यामागे मी त्या वर्गाची कड घेईन असं तुम्हालाही वाटलं नसतं. म्हणून हे सगळं तुम्हालाच सांगायला बसले आहे. आणखी एक गोष्ट आहे, जी मी सहा वर्षं तुम्हाला सांगितली नाही. तुम्हीही मला सांगितली नाहीत. त्याचा हिशेब आज होऊ द्या.

अकरावी मॅट्रिक बंद होऊन दहावी आली आणि आपल्या शाळेतली अकरावीची माडीवरची खोली रिकामी झाली. कोणी म्हणे तिथे प्रयोगशाळा करा, कोणी म्हणे मोडकी बाकं ठेवा. तुम्ही कोणाला न विचारता एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे फळा पुसला आणि सात-आठ मुलं बसवली. हातात कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं इंग्रजी पुस्तक, बर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत मिळालेलं, कव्हर नसलेलं. त्यातला एकेक धडा तुम्ही मराठीत उतरवायचा, स्टेन्सिल कापायचा आणि सायक्लोस्टाइलच्या शाईनं बाह्या काळ्या करून वर्गात यायचा. तुमचा रोजचा नववी-ब चा भूमितीचा भाग मात्र मागे पडायचा आणि तो मी पुरा करायचे. हे शोकसभेत कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

मी गणिताचीच बाई. मला वाटायचं, ज्यांना दशांश भागाकार येत नाही त्यांना प्रमाण विचलन शिकवणं म्हणजे पोरांच्या डोक्यावर दगड ठेवणं. आधी अपूर्णांक, मग बाकीचं. मी हे शिक्षक-खोलीत मोठ्यानं सांगायचे. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकत राहायचा. एकदा बशी खाली ठेवून म्हणालात, "बाई, पोराईले कठीण हाय का सोपं हाय हे तुम्ही काहून ठरवून राहिल्या? त्याईलेच ठरवू द्या ना." मी तुमच्या त्या बोलीला हसले. नरखेडकडचा माणूस, बापाचा संत्र्याचा बगीचा, नागपुरात इतकी वर्षं काढून बोली तशीच. मी नागपुरातल्याच महाल भागातली. माझं बोलणं शुद्ध आहे याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

पुढे मी वह्या तपासायच्या निमित्तानं तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला लागले. खरं म्हणजे तुमची चूक पकडायला. पण माझ्या तासाला वर्गमूळ काढताना जांभया देणारी तीच पोरं तुमच्या फळ्यावर वर्गमूळ धडाधड काढत होती, कारण त्यांना त्या मुळाच्या पलीकडचं काहीतरी हवं होतं. स्वतःच्या उंचीचं, शाळेत पोचायला लागणाऱ्या मिनिटांचं, काटोलहून येणारी एस.टी. किती उशिरा येते याचं विचलन. मला ते पाहून आनंद व्हायला पाहिजे होता. झाला मत्सर. तोही आज सांगून टाकते.

तुमचा एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता, झाकण दाबून बसवावं लागणारा. त्यात हरभरे आणि वाटाणे मिसळलेले. पोरांनी पळीनं काढायचे आणि डब्यात कशाचं प्रमाण किती ते सांगायचं. मंदा नावाची मुलगी नेहमी वरवरचे काढायची. तुम्ही तिच्या हातातून डबा घेऊन चांगला खळखळवायचा आणि द्यायचा परत. म्हणायचा, वरचं वरचं पाहून आमच्या बगीच्यात कोणी संत्रं घेतलं नाही, तू काहून घेतं? त्याच डब्यात पुढे चिठ्ठ्या आल्या, आणि त्या चिठ्ठ्यांपासून आपली गोष्ट बिघडली.

तुम्हाला शाळेभोवतालच्या वस्तीत किती पाणी लागतं ते मुलांकडून शोधायचं होतं. एप्रिल होता, परीक्षा संपलेल्या, सुट्ट्या लागायला आठवडा. प्रत्येक घराच्या दारावरच्या कॉर्पोरेशनच्या पत्र्याच्या पाटीचा नंबर मुलांनी उतरवून आणला, एकेक चिठ्ठी केली, डब्यात घातली आणि चाळीस काढल्या. प्रश्न साधाच ठेवला होता: घरात माणसं किती, आणि रोज किती गुंड, म्हणजे पितळी घागरी, पाणी भरता. तुम्ही नियम एकच घातला. जे दार चिठ्ठीत निघालं त्याच दारावर जायचं. घरी कोणी नसेल तर तसं लिहायचं. कोणी दार उघडलं नाही तर तसं लिहायचं. कोणी उत्तर दिलं नाही तर तेही. पण शेजारच्या दारावर जायचं नाही. एका मुलानं विचारलं, शेजारच्यांकडेही तेवढंच पाणी लागत असेल ना सर, मग काय बिघडलं? तुम्ही म्हणालात, "तुले सोपं वाटते ते दार तू निवडशीन. मंग चिठ्ठी कशाले काढली गा?"

मी मागच्या बाकावर वही तपासत होते. पण माझा पेन थांबला होता.

तेविसाव्या चिठ्ठीत कार्यवाहांचं घर निघालं. ती चिठ्ठी रत्नमालाच्या हातात आली. रत्नमाला इंदोऱ्याकडून यायची. तिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, ती त्यानंतर जन्मलेली. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात अचूक. तिची जोडीदार ती वरवरचे हरभरे काढणारी मंदा. दोघी सकाळी ऊन चढायच्या आत गेल्या. काय झालं ते मंदानंच येऊन सांगितलं. कार्यवाहांच्या पत्नीनं दार उघडलं, दोघींची आडनावं विचारली, मंदाला आत बोलावलं आणि रत्नमालाला म्हणाल्या, तू खालच्या पायरीवर थांब. फॉर्म रत्नमालाच्या हातात होता. तिनं तो दुमडला आणि काही न विचारता परत आली.

तुम्ही तिला विचारलंत, आता काय करायचं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "सर, मले परत जायचं हाय. चिठ्ठी माही निघाली."

ती दुसऱ्या दिवशी एकटी गेली. दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती जाणार, तर आदल्या दुपारीच मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. तुम्हाला नाही, मला. मी समजूतदार म्हणून. ते म्हणाले, बाई, ती एक ओळ काय ती भरून टाका आणि ती मुलगी पुन्हा त्या फाटकावर दिसता कामा नये, म्हणजे वर्ग राहील. नाहीतर अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवता म्हणून सरांना पत्र जाईल आणि खोलीला कुलूप लागेल. पत्र लिहून तयार होतं. त्यांनी मला ते दाखवलं.

सर, मला तुमचा वर्ग नको होता ना? मग कुलूप लागू द्यायचं होतं. पण मला ते सोसलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी त्या मागच्या बाकावर चूक पकडायला बसत नव्हते.

त्याच संध्याकाळी कार्यवाहांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मला दरवर्षी बोलावणं असायचं. मी गेले. माझं आडनाव कोणी विचारलं नाही, ते ठाऊकच होतं. मला आत गौरीसमोर बसवलं, पन्हं दिलं, कैरीची डाळ दिली, ओटीत ओले हरभरे घातले. मागच्या दारातून विहीर दिसत होती. मोटर चालू होती आणि मोगऱ्याच्या वाफ्यांतून पाणी धो धो वाहत होतं. मी ठरवून गेले होते की सहज म्हणून विचारीन, तुमच्याकडे रोज पाणी किती लागतं हो. एवढंच विचारायचं होतं. मी डाळ खाल्ली, डाळ छान झाल्याचं सांगितलं आणि घरी आले. ज्या घरात मुलीला पायरी दाखवली, तिथे मी पाटावर बसले आणि मला तोंड उघडता आलं नाही.

घरी येऊन मी एक कोरा फॉर्म भरला. माणसं मला ठाऊक होती, सहा. पाण्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना. मग बाकीचे फॉर्म आठवले. कोणी दहा, कोणी अठरा, बहुतेक तेरा-चौदाच्या आसपास. मी चौदा लिहिलं. सगळ्यांच्या मधलं, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. गणिताच्या बाईचा खोटेपणासुद्धा बघा सर, सरासरीला धरून.

तुम्ही फॉर्म घेतला, वाचला, चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तुम्ही विचारलं?"

"हो."

"विहीर धरून?"

"हो."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि फॉर्म रजिस्टरमध्ये ठेवला.

रत्नमालाला मीच जाऊन सांगितलं, की त्या घरची माहिती आली, आता तुला जायची गरज नाही. तिनं विचारलं, किती गुंड? मी म्हटलं, चौदा. ती म्हणाली, "त्याईच्या घरी तं विहीर हाय, बाई." मी म्हटलं, असू दे. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलली.

वर्ग राहिला. पुढची सहा वर्षं राहिला. दर शनिवारी बारा वाजता माडीवरून खडूच्या आवाजासकट तुमचा आवाज यायचा आणि मी मनाशी म्हणायचे, हे माझ्यामुळे. सरांच्या तत्त्वानं वर्ग बुडाला असता, माझ्या खोटेपणानं वाचला. हा वाद मी एकटीच घालायचे आणि एकटीच जिंकायचे. पावसाळ्यात शाळा उघडल्यावर तुम्ही मुलांचं काम सगळ्यांसमोर मांडलंत तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं, एकोणचाळीस घरं. मला वाटलं, मोजताना चुकलात. नंतर मी तुम्हाला चिडवलंसुद्धा, संख्याशास्त्राच्या मास्तरांना चाळीस मोजता येत नाहीत. तुम्ही नुसते हसलात. ते हसणं मला आता झोपू देत नाही.

कारण शोकसभेच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला घरी बोलावून तुमची पिशवी दिली. म्हणाल्या, हे शाळेचं आहे, तुम्हीच न्या, तिथे कोणाला दिलं तर रद्दीत घालतील. रजिस्टरं होती, तो डबा होता, त्यात हरभरे-वाटाणे तसेच. मी त्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. तेविसाव्या ओळीला माझा फॉर्म टाचणीनं लावलेला. टाचणीचा गंज कागदावर उतरलेला. माझ्या चौदावर तुमची लाल शाईची सरळ रेघ, पट्टी धरून मारलेली. आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात तुमच्या अक्षरात: "दार उघडलं नाही. रत्नमालाला पुन्हा पाठवायचं."

मी वहिनींसमोर रडले नाही. रिक्षात रडले.

तुम्हाला पहिल्या क्षणापासून कळलं होतं. कळणारच. विहीर, मोटर आणि बाग असलेलं घर बरोबर मधोमध कसं येईल? खोटं बोलणाऱ्याला मधलाच आकडा सुचतो, हे तुम्हीच तर पोरांना शिकवत होता. तुम्ही माझा आकडा घेतला नाहीत. पण मला म्हणालाही नाहीत. मुख्याध्यापकांना सांगितलं नाहीत की ओळ रिकामी आहे. आणि रत्नमालाला पुन्हा पाठवलं नाहीत. सहा वर्षं, सर. दर एप्रिलमध्ये पाठवता आलं असतं.

म्हणजे तुम्हीही घाबरलात. रजिस्टरमध्ये खरं लिहिलंत आणि वर्गासाठी बाहेर गप्प बसलात. मला लाज वाटू नये म्हणून गप्प बसलात, असंही असेल. तुमच्या स्वभावात ते बसतं. पण मला ते नको आहे. तुमच्या दयेवर मी सहा वर्षं स्वतःला शहाणी समजत होते. तुम्ही एकदा शिक्षक-खोलीत बशी ठेवून म्हणाला असता, बाई, तुम्ही खोटं लिहून राहिल्या, तर आपण भांडलो असतो, चार महिने बोललो नसतो आणि मग दोघं मिळून त्या फाटकावर गेलो असतो. तुम्ही मला त्या भांडणाला मुकवलंत. आपण इतक्या गोष्टींवर भांडलो, जी भांडायची होती तीच राहिली. आणि आता तुम्ही गेलात, ऐन वेळी, नेहमीसारखे टाचण न देता.

शोकसभा संपल्यावर पायऱ्यांवर एक मुलगी थांबली होती. ओळखायला मला वेळ लागला. रत्नमाला आता विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. सभेच्या बातमीवरून आली होती, मागे उभी होती. मी तिला शिक्षक-खोलीत नेलं, रजिस्टर उघडून समोर ठेवलं आणि म्हटलं, मी विचारलंच नव्हतं. ते मी लिहिलं होतं.

तिनं ओळ वाचली, तुमचा शेरा वाचला. बोट त्या लाल रेघेवरून फिरवलं. म्हणाली, "मले तवाच माहीत होतं, बाई. सरांले माहीत होतं हे माहीत नव्हतं."

मी तिची माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मला बरं वाटलं, कारण म्हटलं असतं तर तेही मधलंच उत्तर झालं असतं. तिनं विचारलं, शनिवारचा वर्ग खरंच घेता का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग मी पण येतो.

काल शनिवार होता. अकरा मुलं आली. खोलीला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई म्हणाला, मुख्याध्यापकांनी द्यायची नाही सांगितलं. मग त्यानंच माझ्याकडे पाहिलं, किल्ली खिडकीत ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेला. मी कुलूप काढलं. माझी अजून चार वर्षांची नोकरी आहे, सर. काय करायचं ते करोत.

पहिला धडा मी प्रमाण विचलनाचा घेणार होते. रात्रभर तुमची टिपणं वाचली होती. पण फळ्यासमोर उभी राहिले आणि वेगळंच केलं. रजिस्टरमधला माझा फॉर्म काढला आणि फळ्याला पालथा टाचला. सगळे चाळीस आकडे लिहिले, माझा चौदा धरून, कोणाकडे नळ, कोणाकडे विहीर, कुठे मोटर, मला ठाऊक होतं तेही लिहिलं. म्हटलं, यातला एक आकडा खोटा आहे, शोधा. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीला पाच मिनिटंही लागली नाहीत. म्हणाली, विहिरीवर मोटर हाय आणि पाणी चौदाच गुंड कसं, बाई? हे कोणी लिहिलं? मी म्हटलं, मी. मग मी सांगितलं, का लिहिलं, कोणासाठी लिहिलं, कोणत्या घरासाठी. नाव घेऊन सांगितलं. मागच्या बाकावर रत्नमाला बसली होती, माझ्याच जागेवर.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी त्या घरी गेलो. दुपारचं ऊन होतं, फाटक तापलं होतं. मी कडी वाजवली. कार्यवाह घरी नव्हते. त्यांच्या पत्नीनंच दार उघडलं, आता थोड्या वाकल्या आहेत. मला पाहून म्हणाल्या, अगंबाई, या ना, आत या. मी गेले नाही. मी खालच्या पायरीवर उतरून उभी राहिले आणि रत्नमालाला वरच्या पायरीवर जाऊ दिलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना ओळख पटली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यात राग नव्हता. सापडल्यासारखा चेहरा होता, मला तो चांगला ओळखता येतो.

मला वाटलं, दार लागणार. रत्नमालानं दुमडलेला फॉर्म उघडला. सहा वर्षांपूर्वीचाच, तिनं जपून ठेवलेला. आवाज न चढवता तिनं विचारलं, "घरी माणसं किती हाय?"

"आता पाच," त्या म्हणाल्या. "सासूबाई गेल्या."

"रोज किती गुंड पाणी भरता?"

त्यांनी मागे वळून पाहिलं, विहिरीच्या दिशेनं. मोटर चालू होती, मला तिचा आवाज येत होता.

"आम्ही कुठे भरतो," त्या म्हणाल्या. "आम्हाला भरावंच लागत नाही."

रत्नमालानं लिहिलं. त्यांचे आभार मानले. आम्ही फाटक लावून घेतलं आणि रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या सावलीत उभ्या राहून मी पिशवीतून रजिस्टर काढलं. मी म्हटलं, आता चाळीस झाले, सरासरी पुन्हा काढू. ती म्हणाली, नाही बाई, सहा वर्षांनंतरचा आकडा त्या वर्षात घालता येत नाही, सरांनी घालू दिला नसता. एकोणचाळीस ते एकोणचाळीसच. खाली आजची तारीख टाकून वेगळा लिहू. बघा सर, तुमची विद्यार्थिनी तुमच्याहून कडक निघाली, आणि तिला भूमिती शिकवणाऱ्या मला ते मुकाट्यानं ऐकावं लागलं.

मी पेन तिच्याकडे दिला. तुमच्या शेऱ्याच्या खाली, माझ्या खोडलेल्या चौदाच्या खाली, तिनं तारीख घातली आणि सहा वर्षांपूर्वी तिच्या हातात आलेल्या चिठ्ठीचं उत्तर लिहिलं. शून्य.